‘तुझे स्नायूच स्लो आहेत’ असं सांगितलं तर काय करायचं?

पत्र : मी पारोळा तालुक्यातली. वय २१, वजन ५२ किलो. पोलीस भरतीची तयारी करते आहे. रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर ४ किलोमीटर पळते आणि शेवटी १०० मीटरचे ५ राउंड मारते, मध्ये एखादा मिनिट थांबते. ८०० मीटरला ३ मिनिटं १० सेकंद लागतात. १०० मीटर मात्र चार महिने झाले, १७.४ सेकंदांवर अडकलंय. ग्राउंडवर शिकवणारे एक सर म्हणाले, ‘तुझे स्नायूच स्लो आहेत, जन्माचं आहे ते, १०० मीटरचा नाद सोड.’ मागच्या महिन्यात आमचा ग्रुप लळिंगच्या किल्ल्यावर गेला होता. उतरताना आम्ही पळत उतरलो. पुढे तीन दिवस मला जिना उतरता येईना. मैत्रीण म्हणते लॅक्टिक ॲसिड साचलं. स्नायूंचे तंतू बदलता येतात का? जीन टेस्ट करावी का? पावडर किंवा इंजेक्शनचा उपयोग होतो का? – एक वाचक

ताई,

१०० मीटरचा नाद सोडू नका. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत महिलांसाठी ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५, असे ५० गुण असतात. त्यातल्या १५ गुणांवर पाणी सोडायचं, तेही कुणीतरी लांबून पळताना बघितलं म्हणून, हे काही पटण्यासारखं नाही. तंतू स्लो की फास्ट हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कण काढतात, त्याला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करतात. एवढं करूनही त्याच स्नायूच्या दुसऱ्या जागचा कण घेतला तर आकडा वेगळा येऊ शकतो. तुमच्या पत्रात अडचण दिसते ती वेळापत्रकात. तुम्ही वेगाचा सराव अजून केलेलाच नाही. ४ किलोमीटर पळून झाल्यावर, मिनिटभर थांबून मारलेले १०० मीटरचे राउंड हा दमाचा सराव आहे, आणि दम तुम्हाला बऱ्यापैकी आहे.

माणसाच्या हातापायांत मुख्यतः तीन जातींचे तंतू असतात : टाइप १, टाइप २ए आणि टाइप २एक्स. (जुन्या पुस्तकांत तिसऱ्याला २बी लिहिलेलं सापडेल. तो उंदराच्या स्नायूंत असतो. आपल्या पायांत असतो तो २एक्स.) ग्राउंडवर ज्याला स्लो म्हणतात तो टाइप १ : बारीक, लालसर, भोवती रक्तकेशिकांचं दाट जाळं, प्राणवायू वापरून साखर आणि चरबी जाळणारा, तासन्‌तास चालणारा. मेंदूकडून एक इशारा आला की त्याचा ताण टोकाला जायला साधारण ०.१ सेकंद लागतो. फास्ट तंतूला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. २एक्स सगळ्यांत झटपट आणि सगळ्यांत आधी दमणारा. २ए त्या दोघांच्या मधला. वेगही आहे आणि सराव दिला तर दमही धरतो. भरतीच्या उमेदवाराचं खरं भांडवल हाच.

ही तिन्ही जातींची सरमिसळ प्रत्येकाच्या शरीरात असते, आणि एकाच माणसात स्नायूगणिक वेगळी असते. मांडीच्या पुढच्या स्नायूत सर्वसाधारणपणे निम्मे स्लो, निम्मे फास्ट. पोटरीत आतल्या बाजूला असलेल्या सोलियसमध्ये बहुतेक स्लो, कारण दिवसभर उभं राहण्याचं काम त्याचं. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स फास्टकडे झुकलेला. जन्माचा वाटा असतो, ते नाकारायचं कारण नाही. नामवंत मॅरेथॉनपटूंच्या पायांत स्लो तंतू जास्त आणि स्प्रिंटरच्या पायांत फास्ट जास्त सापडतात. पण ते ऑलिम्पिकच्या फायनलचं गणित झालं. १७.४ वरून १५ च्या घरात यायला तुमच्याकडे आहेत ते तंतू पुरेसे आहेत, त्यांना कामाला लावायचं बाकी आहे.

तंतू बदलतात का, याचं उत्तर थोडं हो, थोडं नाही. टाइप १ चा टाइप २ सरावाने सहसा होत नाही, झाला तरी फारच थोडा. २एक्सचा २ए मात्र काही आठवड्यांत होतो, मग तुम्ही वजनं उचला, स्प्रिंट मारा किंवा लांब पळा. यात तोटा वाटून घेऊ नका. हे २ए तंतू सरावाने जाड होतात, आणि जाडी वाढली की ताकद वाढते. वजनाच्या सरावाने फास्ट तंतू स्लो तंतूंपेक्षा जास्त जाड होतात. म्हणजे तंतूंची संख्या तीच राहिली तरी स्नायूतला फास्ट तंतूंचा वाटा वाढतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत मात्र फरक पडतो तो मुख्यतः मज्जातंतूंमुळे : इशारे भराभर जातात, एकाच वेळी जास्त तंतू जागे होतात. मांडीचा घेर टेपने मोजून निराश होऊ नका, स्टॉपवॉच बघा.

आता तुमची गाडी अडली कुठे ते बघू. मणक्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. एका युनिटमधले तंतू एकाच जातीचे. पोटरीसारख्या मोठ्या स्नायूत एका युनिटमध्ये हजारावर तंतू असू शकतात. स्नायूला काम पडलं की आधी लहान युनिटं जागी होतात, ती स्लो तंतूंची. जोर जास्त लागला तरच मोठी, फास्ट तंतूंची युनिटं कामाला येतात. एल्वूड हेनेमन या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत हा क्रम दाखवून दिला. सपाट रस्त्यावर एका जोडीने चालणाऱ्या गाडीला जादा बैल कुणी जुंपत नाही, चढण लागली की जुंपतात, तसंच हे. रोजचे ४ किलोमीटर ही सपाट वाट आहे. तुमच्या मोठ्या युनिटांना चार महिन्यांत पूर्ण जोराचं बोलावणं आलेलंच नाही.

शेवटच्या ५ राउंडमध्ये येतं, असं तुम्ही म्हणाल. तिथे इंधनाची अडचण आहे. पूर्ण वेगाच्या पहिल्या सहा ते दहा सेकंदांत स्नायू मुख्यतः साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर चालतो. हा साठा रिकामा झाला की निम्मा भरायला साधारण अर्धा मिनिट लागतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. तुम्ही एका मिनिटात पुन्हा निघता. पहिला राउंड १७.४ चा झाला तर पाचवा १९ च्या पुढे जात असणार. वेळ लावून बघा. दमल्यावर मोठी युनिटं थोडीफार जागी होतात, पण तोवर पायांची गती मंदावलेली असते. मग शरीर शिकतं ते मंद गतीनेच.

वेगाचे दोन दिवस

आठवड्यात दोनच दिवस, उदाहरणार्थ सोमवार आणि शुक्रवार, वेगाचे ठेवा. त्या दिवशी ४ किलोमीटर नाही. स्प्रिंट आधी, बाकी सगळं नंतर. विश्रांतीचा ठोकताळा असा : पूर्ण वेगाच्या दर १० मीटरमागे एक मिनिट. सुरुवातीला ३० मीटरपर्यंत यात थोडी सूट चालते.

आधी दहा मिनिटं हलकं पळणं, मग पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे वर उचलत चालणं, मग ५० मीटरचे तीन चढते राउंड : पहिला निम्म्या जोराने, दुसरा पाऊण, तिसरा जवळपास पूर्ण. डिसेंबर-जानेवारीत धुळे-पारोळ्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो, तेव्हा हे सगळं वीस-पंचवीस मिनिटं करा आणि घाम येईपर्यंत स्वेटर काढू नका. थंड स्नायू आखडायलाही वेळ घेतो आणि सैल व्हायलाही, आणि मांडीची मागची शीर धरते ती अशाच वेळी. शक्य असेल तर वेगाचा सराव संध्याकाळी ५ च्या सुमारास करा, शरीर तेव्हा जास्त गरम असतं. ग्राउंडची तारीख लागली की शेवटचे तीन आठवडे पहाटे करा, कारण चाचणी बहुतेक सकाळीच होते. मे महिन्यात मात्र सकाळी सातच्या आत आटपा. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत संध्याकाळी सहालाही जमीन भाजते.

पहिला दिवस : फक्कीने ०, १०, २० आणि ३० मीटरला रेघा मारा. उभ्या सुरुवातीने २० मीटर ४ वेळा, मध्ये २ मिनिटं. मग ३० मीटर ४ वेळा, मध्ये ३ मिनिटं. सगळं मिळून २०० मीटर होतात. एवढंच का, असं वाटेल. एवढंच, पण प्रत्येक वेळी जीव तोडून. दुसरा दिवस : २० मीटर वेग चढवत यायचं आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेगाने, असे ४, मध्ये ४ मिनिटं. शेवटी ६० मीटरचे २, मध्ये ६ मिनिटं. ३० मीटरची वेळ त्या दिवशीच्या सगळ्यांत चांगल्या वेळेपेक्षा ०.२ सेकंदाने वाढली की सराव तिथेच थांबवा. ‘अजून एक’ मारायचा मोह होतो. तो एक राउंड फक्त थकवा देतो. तीन आठवड्यांनी ६० चे २ ऐवजी ३ करा. पूर्ण १०० मीटर तीन आठवड्यांतून एकदाच, वेळ घेण्यापुरतं.

वेळ नेहमी एकाच व्यक्तीने, रेघेच्या अगदी बाजूला उभं राहून घ्यावी. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी येते. तुमचे १७.४ यंत्रावर १७.६ च्या आसपास धरा.

पळताना जबडा आणि मुठी सैल ठेवा. यामागे कारण आहे. तंतू आखडतो कसा, हे १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के या जोडीने, आणि स्वतंत्रपणे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी मांडलं. तंतूच्या आत मायोसिन आणि ॲक्टिन असे दोन प्रकारचे धागे असतात. इशारा आला की आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात, मायोसिनची टोकं तिथे चिकटून ॲक्टिनला ओढतात आणि धागे एकमेकांवर सरकतात. सैल व्हायचं तर हे कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत ओढून घ्यावं लागतं, त्यालाही ऊर्जा आणि वेळ लागतो. फास्ट तंतू हे काम चटकन करतात. पळताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो तेव्हा मागचा सुटायला हवा. अंग ताठ करून, दात-ओठ खाऊन पळणाऱ्याचा मागचा स्नायू वेळेवर सुटत नाही, आणि त्याची ताकद स्वतःशीच झगडण्यात जाते.

दुसरी चूक म्हणजे लांब ढांग टाकण्याचा प्रयत्न. पाय शरीराच्या फार पुढे पडला की तो ब्रेक लावतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर भलता ताण येतो. पाऊल कमरेच्या जवळपास खाली पडू द्या आणि जमीन मागे ढकला. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घेऊन, हळू करून बघितलं की हे लगेच दिसतं.

लळिंग उतरताना काय झालं

चढताना दम लागला असेल, पण पाय दुखले ते उतरण्यामुळे. मैत्रिणीचं लॅक्टिक ॲसिड यात कुठे येत नाही. रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) पळून थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. तीन दिवस राहत नाही. शिवाय लॅक्टेट चढताना जास्त तयार होतं, तेव्हा त्याच्यामुळे दुखायचं असतं तर चढणीचं दुखणं आधी आलं असतं.

स्नायू तीन प्रकारे ताण धरतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत-आखडत शरीर वर उचलतो, याला कॉन्सेंट्रिक म्हणतात. कपाशी वेचताना किंवा निंदताना कमरेत वाकून तासभर राहिलात, तर पाठीचे स्नायू लांबी न बदलता ताण धरून असतात, ते आयसोमेट्रिक. आणि उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो, शरीर खाली जातं आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ते अडवून धरतो. हे एक्सेंट्रिक, म्हणजे लांबत-लांबत केलेलं काम. या प्रकारात स्नायू जागच्या जागी धरण्यापेक्षा सव्वा ते दीडपट भार पेलू शकतो, आणि तोही कमी प्राणवायूत. म्हणून उतरताना सोपं वाटतं, आणि गप्पा मारत, पळत सुटावंसं वाटतं. पण कमी तंतूंवर जास्त भार येतो, काही तंतूंच्या आतली रचना सूक्ष्म पातळीवर विस्कटते, फास्ट तंतूंना त्याची झळ जास्त बसते. मग सूज येते. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दोन-तीन दिवसांत टोकाला जातं आणि आठवड्याच्या आत जातं. पाय भरून येणं म्हणतात ते हेच.

अशा वेळी हलकं चालणं, सायकल आणि झोप. चोळून किंवा बर्फ लावून जरा बरं वाटेल, पण भरून यायला लागतो तितका वेळ लागतोच. त्या दिवसांत ताकद खरोखर कमी झालेली असते, म्हणून स्प्रिंटची वेळ घेऊ नका आणि ती वाईट आली म्हणून रडू नका.

यातली चांगली बाजू अशी की एकदा असा भार सोसला की पुढचे काही आठवडे त्याच कामाने स्नायू तितका दुखत नाही. म्हणून उतार सोडायचा नाही, हप्त्याने वाढवायचा. पंधरवड्यातून एकदा एखाद्या टेकडीचा १०० मीटरचा हलका उतार, आधी २ वेळा, मग ४, मग ६. ग्राउंडच्या तारखेआधी दहा दिवस मात्र किल्ला नाही, उतार नाही, नवा व्यायाम नाही.

एक धोक्याची खूण. अंग प्रमाणाबाहेर दुखतं आहे, मांडी सुजून कडक झाली आहे आणि लघवी चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी गडद होते आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि सीपीके या रक्ततपासणीचं विचारा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात जातं तेव्हा असं होतं. सवय नसताना केलेला अतिरेकी व्यायाम आणि त्यात आपल्याकडचं ऊन, ही जोडी त्यासाठी पुरेशी असते. अशा वेळी दुखणं मारायची गोळी खाऊन पुन्हा ग्राउंडवर जाणं सगळ्यांत वाईट.

ताकदीचे दोन दिवस

वेगाच्या आदल्या दिवशी ताकद घेऊ नका; बुधवार आणि शनिवार ठेवा. जिमची गरज नाही.

एक पाय पुढे, एक मागे, अशी बैठक : ३ सेकंदांत खाली, झपकन वर. प्रत्येक पायाला ८, असे ३ सेट. सोपं वाटलं की दोन्ही हातांत पाण्याचे ५ लिटरचे कॅन. खाली जाताना एक्सेंट्रिक, वर येताना कॉन्सेंट्रिक, दोन्ही एकाच बैठकीत होतात. ‘झपकन वर’ हे शब्द महत्त्वाचे. जोर लावताना वेगाची इच्छा ठेवली की मोठी युनिटं लवकर बोलावली जातात, मग वजन हळू हललं तरी हरकत नाही.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक : गोधडीवर गुडघ्यांवर बसा, मैत्रिणीने घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका, सावरता येईनासं झालं की हात टेका. पहिल्या आठवड्यात ३ चे २ सेट, त्याहून एकही जास्त नाही, नाहीतर लळिंगची पुनरावृत्ती. सहा आठवड्यांत ६ ते ८ चे ३ सेट. पूर्ण वेगात पाऊल पुढे जाऊन जमिनीकडे येताना हा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावतो, आणि धरतो तोही तिथेच. हा व्यायाम नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये ही दुखापत जवळपास निम्म्यावर आलेली आढळली आहे. सगळ्यांत दुर्लक्षित व्यायाम हाच, कारण तो दिसायला काहीच नाही.

पोटरीसाठी पायरीच्या कडेवर दोन पायांनी वर, एका पायाने सावकाश खाली, प्रत्येक पायाला १०, असे ३ सेट. भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं ३० ते ४५ सेकंद, ३ वेळा. हे आयसोमेट्रिक आहे, यात श्वास रोखायचा नाही, रोखला की रक्तदाब चढतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दिवसभर कपाशी वेचून आला असाल तर त्या संध्याकाळी स्प्रिंट नको; कंबर आधीच दमलेली असते आणि पुढे झुकून सुरुवात घेता येत नाही.

त्याच दिवशी गोळा. ए. व्ही. हिल या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दाखवलं की भार वाढला की स्नायूचा वेग घटतो आणि वेग वाढला की जोर घटतो. गोळाफेकीला दोन्ही टोकं लागतात, म्हणून ५ किलोचा ४ वेळा, ४ किलोचा ८ वेळा, शेवटी ३ किलोचा ६ वेळा, दोन फेकींच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट. ५ आणि ३ किलोचे गोळे नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरून घट्ट शिवा. तिने फेकायचं अंतर मोजू नका, फक्त झटका शिका. गोळा तळहातात नको, बोटांच्या मुळाशी आणि मानेला टेकलेला. कोपर खाली पडलं की गोळा चेंडूसारखा फेकला जातो आणि खांदा दुखतो. जोर मागच्या पायातून, कमरेतून वर यायचा, हात शेवटी. आणि गोळा ४५ अंशांत सोडा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि फार वर ढकलताना हाताचा जोर कमी पडतो, म्हणून ३५ ते ४० अंश बरे.

८०० मीटर आहे त्यापेक्षा बिघडेल ही भीती नको. त्यात निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूवरची असते, आणि तो पाया तुमचा तयार आहे. मंगळवारी ४-५ किलोमीटर, बोलता येईल इतक्या सावकाश. शुक्रवारी स्प्रिंटनंतर १० मिनिटं थांबून २०० मीटरचे ४ राउंड, प्रत्येक ४५ सेकंदांत, मध्ये २ मिनिटं. दोन-दोन आठवड्यांनी एक वाढवत ६ पर्यंत न्या. सध्या तुमचे दर २०० मीटरला ४७.५ सेकंद पडतात. २ मिनिटं ५० सेकंद हवे असतील तर ४२.५ पडायला हवेत. २ए तंतू दम धरायला शिकतात ते या राउंडमध्ये. गुरुवारी आणि रविवारी सुट्टी, हवं तर रविवारी फिरायला जा. तारखेआधीच्या शेवटच्या १०-१२ दिवसांत राउंडची संख्या निम्मी करा, वेग तोच ठेवा.

टेस्ट, पावडर, इंजेक्शन

जीन टेस्टवर पैसे घालू नका. जिचं नाव सांगतात ती एसीटीएन३ नावाची जीन. फास्ट तंतूंतलं एक प्रथिन तिच्यामुळे बनतं आणि जगातल्या साधारण पाच-सहा माणसांमागे एकात ते बनतच नाही. सर्वोच्च दर्जाच्या स्प्रिंटरमध्ये अशी माणसं कमी सापडतात, एवढं खरं. पण सामान्य माणसाच्या १०० मीटरच्या वेळेत तिचा वाटा इतका लहान आहे की अहवाल काहीही आला तरी तुमचं सोमवारचं वेळापत्रक बदलणार नाही. त्या पैशांत रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ८०० मीटरला दम पुरणार नाही, आणि हे मुलींमध्ये फार वेळा निघतं. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, आणि जेवणावर लगेच चहा बंद.

प्रथिनं दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ८३ ग्रॅमच्या आसपास. कळण्याच्या तीन भाकरी २५ ते २७ ग्रॅम देतात, कारण ज्वारीत उडीद असतो. वाटीभर घट्ट डाळ ८ ते १०, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे १५ ग्रॅम देतात. डाळ दोन्ही वेळा घेतली की हिशेब घरच्या घरी पुरा होतो, डबा विकत घ्यायची गरज नाही. स्प्रिंटच्या तास-दीड तास आधी दोन केळी खा. फास्ट तंतूंना साखरच लागते, आणि रावेर-यावलचं केळं त्याला उत्तम. भरीत-भाकरी खाऊन, वर ठेचा, अशा पोटाने मात्र ग्राउंडवर जाऊ नका. पावडरींमध्ये उपयोगी म्हणावी अशी एक क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ग्रॅम, पाण्यातून. वजन किलोभर वाढू शकतं ते मुख्यतः पाण्याचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको. ती नसली तरी वरचा सराव अडत नाही.

इंजेक्शन कुणी देऊ केलं तर त्यात काय आहे हे बाटलीवर वाचून डॉक्टरांना विचारा. ताकदीचं म्हणून देतात ते बहुधा स्टेरॉइड असतं : मुलींमध्ये आवाज जाड होणं, पाळी बंद होणं, चेहऱ्यावर केस, आणि यातला आवाज सहसा परत येत नाही. वेदना मारायचं इंजेक्शन घेऊन उन्हात ८०० मीटर पळणाऱ्याचं मूत्रपिंड एका सकाळीत निकामी होऊ शकतं. दोन्हीपैकी काहीही घेऊ नका, चाचणीच्या सकाळी तर नाहीच.